आधी छापखाना, मग सॉफ्टवेअर: व्यवसायाच्या डिझाइनसाठी व्हेक्टर प्रोग्राम कसा निवडावा

व्हिजिटिंग कार्ड, दुकानाची पाटी, मसाल्याच्या पाकिटावरचं लेबल, बिलबुक, गाडीच्या काचेवरचं रेडियम. ही कामं शिकायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, ‘कोरल शिकू की इलस्ट्रेटर?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर सुविधांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून मिळत नाही. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप आणि अफिनिटी या चारही प्रोग्राममध्ये वक्र रेषा काढता येतात, आकार जोडता-कापता येतात, रंग भरता येतात. फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, तुमची फाइल शेवटी ज्या यंत्रावर जाणार आहे तिथे. आणि दुसरं, तुमची मराठी अक्षरं त्या प्रोग्राममध्ये धड जुळतात का, इथे.

नव्याने येणाऱ्यांसाठी एवढं आधी सांगतो की व्हेक्टर चित्र ठिपक्यांचं नसतं. त्यात बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्र रेषांचं गणित साठवलेलं असतं. म्हणून कार्डावरचा दोन सेंटिमीटरचा लोगो वीस फुटांच्या फलकावर नेला तरी कडा फाटत नाहीत. फोटो मात्र ठिपक्यांचाच असतो. तो व्हेक्टर फाइलमध्ये आणून ठेवला म्हणून व्हेक्टर होत नाही.

पायरी १: फाइल कुठे जाणार ते विचारून या

सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याआधी एक दिवस काढा आणि तुमच्या गावातल्या तीन ठिकाणी जाऊन या: एक ऑफसेट प्रेस, एक फ्लेक्सवाला, एक रेडियम किंवा लेझर कटिंगवाला. प्रत्येकाला सारखेच प्रश्न विचारा. फाइल कोणत्या स्वरूपात घेता? सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल, हवी असेल तर कोणत्या आवृत्तीतली? पीडीएफ चालते का? ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेला रंग, किती ठेवू? मोठा फलक असेल तर खऱ्या मापात देऊ की लहान प्रमाणात?

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर ‘कोरल’ असंच येईल. त्यामागे इतिहास आहे. इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आलं ते अॅपलच्या मॅकिंटॉशवर. कॅनडातल्या ओटावाच्या कोरल कंपनीने १९८९ मध्ये कोरलड्रॉ आणलं ते विंडोजसाठी. आपल्याकडे डीटीपीची दुकानं उभी राहिली ती साध्या विंडोज पीसीवर, आणि त्या पीसीवर कोरल होतं. पुढे स्क्रीन प्रिंटिंग, रबरी शिक्के, रेडियम कटिंग, लेझर या सगळ्या धंद्यांनी तीच वाट धरली. आज अनेक प्रेसमध्ये जुनी आवृत्ती नीट चालते आहे म्हणून ती बदललेली नाही. तिथे ‘एक्स-थ्रीमध्ये सेव्ह करून पाठवा’ असं सांगतात, ते २००६ सालच्या आवृत्तीबद्दल असतं.

पुण्या-मुंबईतल्या जाहिरात संस्था, पॅकेजिंगचे मोठे कारखाने आणि परदेशी ग्राहक यांच्याकडे चित्र वेगळं दिसेल. तिथे इलस्ट्रेटरची फाइल किंवा छपाईयोग्य पीडीएफ मागतात. तेव्हा तुम्हाला कोणाची कामं करायची आहेत, हे ठरलं की निम्मी निवड होऊन जाते.

पायरी २: मराठीची चाचणी

परदेशी लेखांत आणि व्हिडिओंत ही पायरी नसते, आपल्यासाठी मात्र हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. कोणताही प्रोग्राम उघडा, युनिकोड फॉन्ट (म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीचा) निवडा आणि ही ओळ टाइप करा:

विठ्ठल, कऱ्हाड, त्र्यंबकेश्वर, शिर्डी, उज्ज्वल, द्वितीय, क्षेत्र, ज्ञानेश्वर, श्री

आता एकेक अक्षर पाहा. ‘शि’ची वेलांटी श-च्या आधी आली आहे का? ‘शिर्डी’चा रफार ‘डी’च्या डोक्यावर बसला आहे का? ‘कऱ्हाड’मधला अर्धा र आडव्या लहरीसारखा दिसतो की पाय मोडलेला र आणि सुटा ह दिसतो? ‘त्र्यं’ एका जोडाक्षरात आलं का? यातलं एक जरी चुकलं तरी त्या प्रोग्राममध्ये मराठी पाटी करायला बसू नका. चुकीचं जोडाक्षर घेऊन वर्षानुवर्षं दुकानावर लटकणारी पाटी ही त्या दुकानदाराची आणि भाषेची, दोघांचीही हानी आहे.

या चाचणीत इंकस्केप सहज उत्तीर्ण होतं. कोरलमध्ये ‘एक्स-सिक्स’ म्हणजे २०१२ च्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीची यंत्रणा बदलली आणि युनिकोड देवनागरी वापरण्याजोगी झाली. त्याआधीच्या आवृत्त्यांत युनिकोडचा नाद करू नये. इलस्ट्रेटरमध्ये देवनागरी नीट येते, पण सेटिंग तपासावं लागतं. पसंतीच्या (प्रेफरन्सेसच्या) खिडकीत टाइप या भागात भारतीय किंवा दक्षिण आशियाई लिप्यांचे पर्याय चालू करायचे आणि परिच्छेदाच्या पॅनलमध्ये त्या लिप्यांसाठीचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी यंत्रणा, निवडायचा. हे न करता ‘इलस्ट्रेटरमध्ये मराठी तुटतं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. अफिनिटीची मात्र ही जुनी दुखरी बाजू आहे. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत वेलांट्या आणि जोडाक्षरं त्यात मोडूनच दिसत. तुमच्याकडे जी आवृत्ती असेल तिच्यावर वरची ओळ टाइप करून पाहा आणि मगच पुढे जा.

फॉन्टबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं. प्रेसमध्ये आजही श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने केलेल्या या फॉन्टांनी मराठी छपाईला सुंदर अक्षरं दिली, यात शंका नाही. पण त्या जुन्या पद्धतीत अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्या मजकुरात शोधता येत नाही, तो व्हॉट्सअॅपवर किंवा वेबसाइटवर जसाच्या तसा चिकटवता येत नाही. नवीन शिकणाऱ्याने सुरुवात युनिकोडपासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. जुनी फाइल दुरुस्त करायची वेळ आली तर कन्व्हर्टर वापरावा, आणि रूपांतरानंतर रफार व अर्धा र असलेला प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा.

मोफत आणि व्यावसायिक कामाला परवाना असलेले चांगले युनिकोड फॉन्ट आता पुरेसे आहेत. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त, बलू आणि मोदक हे पाटी-पत्रकांना शोभतात. पुस्तकी वळण हवं असेल तर आयआयटी मुंबईचा शोभिका आहे. टिरो देवनागरी मराठी हा तर खास मराठीसाठी काढलेला फॉन्ट आहे. ‘खास मराठी’ म्हणण्याला अर्थ आहे: ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की आपली वळणं दिसू लागतात. फॉन्ट विकत किंवा मोफत घ्या, पण ल आणि श टाइप करून पाहिल्याशिवाय लोगोसाठी ठरवू नका.

पायरी ३: चौघांची ओळख

कोरलड्रॉ विंडोजवर आणि २०१९ पासून पुन्हा मॅकवर मिळतं. सदस्यत्वानेही घेता येतं आणि एकदाच पैसे भरूनही. एकाच फाइलमध्ये अनेक पानं, पानांची अवाढव्य मापं, पॉवरक्लिप म्हणजे आकाराच्या आत फोटो बसवणं, कंटूर म्हणजे अक्षराभोवती समांतर कडा काढणं, ही सगळी रोजच्या धंद्याची कामं त्यात दोन क्लिकमध्ये होतात. शिकायला सोपं, शिकवणारेही गल्लोगल्ली. त्रास आवृत्त्यांचा आहे. नव्या आवृत्तीची फाइल जुनीत उघडत नाही. साठवताना जुनी आवृत्ती निवडता येते, पण किती मागे जाता येतं याला मर्यादा आहे, आणि नव्या सुविधा वापरलेल्या असतील तर त्या बिघडतात.

इलस्ट्रेटर २०१३ पासून फक्त सदस्यत्वावर आहे. २०१२ चं सीएस-सिक्स हे एकदाच पैसे देऊन घ्यायचं शेवटचं. पेन टूल, रंगांवरचा ताबा, फोटोशॉप आणि इनडिझाइनशी जुळणी, या बाबतीत ते सगळ्यांत भक्कम आहे. नोकरीच्या जाहिरातींतही हेच नाव सर्वाधिक दिसतं. एक गोष्ट मोठे फलक करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. त्याच्या नेहमीच्या आर्टबोर्डची, म्हणजे कामाच्या पानाची, कमाल बाजू सुमारे २२७ इंच आहे. २० फुटांचा फलक म्हणजे २४० इंच, तो त्यात मावत नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत मोठा कॅनव्हास आला आहे, पण फ्लेक्ससाठी एकास दहा प्रमाणात, म्हणजे २० बाय १० फुटांचा फलक २४ बाय १२ इंचात करण्याची पद्धत केव्हाही सुटसुटीत. फाइलच्या नावातच प्रमाण लिहा आणि फ्लेक्सवाल्याला तोंडीही सांगा.

इंकस्केप मुक्त सॉफ्टवेअर आहे, पूर्ण मोफत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. २००३ मध्ये सोडिपोडी या प्रकल्पातून ते वेगळं झालं. १.० आवृत्ती यायला २०२० उजाडलं, आणि २०२२ च्या १.२ पासून त्यात अनेक पानं करता येतात. त्याची मूळ फाइलच एसव्हीजी आहे, म्हणजे वेबसाइटवर थेट चालणारी. सीडीआर फाइल उघडण्याचीही सोय आहे. रचना साधी असेल तर ती बरी उघडते, मजकूर मात्र तपासावा लागतो. विद्यार्थी, लिनक्सवाले, लेझर आणि रेडियमवाले यांनी आधी इथेच यावं असं मी आग्रहाने सांगेन. कमतरता एकच आहे आणि ती मोठी आहे: त्याची पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत निघते, चाररंगी छपाईच्या सीएमवायकेमध्ये, म्हणजे निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा या शायांत नाही. वाट काढता येते ती अशी: अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टपासून सोडवून त्यांचे नुसते आकार करून, एसव्हीजी स्क्रायबस या मोफत प्रोग्राममध्ये आणायची, रंग तिथे सीएमवायकेमध्ये द्यायचे आणि तिथून पीडीएफ काढायची. एक पायरी वाढते, पण काम निभावतं.

अफिनिटी डिझायनर इंग्लंडच्या सेरिफ कंपनीने २०१४ मध्ये आणलं. २०२४ मध्ये कॅनव्हाने सेरिफ विकत घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून अफिनिटी एकत्रित रूपात कॅनव्हाच्या खात्यावर मोफत मिळू लागलं. सीएमवायके आहे, छपाईसाठीची पीडीएफ आहे, वेग उत्तम आहे. इंग्रजी मजकुराच्या ब्रँडिंगला हा फार चांगला पर्याय आहे. मराठीचं वर सांगितलंच.

कॅनव्हाबद्दल एवढंच की तयार साच्यावर इन्स्टाग्रामची पोस्ट करायला ते चांगलं आहे. बिंदू हलवून लोगो घडवायचं ते साधन नाही.

पायरी ४: एकच काम चारही ठिकाणी करून पाहा

कोरल १५ दिवस आणि इलस्ट्रेटर ७ दिवस मोफत वापरून पाहता येतं, बाकीची दोन मोफतच आहेत. म्हणजे निवडीसाठी एक रुपयाही आधी घालवायला नको. एखादं खरं वाटेल असं काम घ्या: साडेतीन बाय दोन इंचांचं कार्ड, त्यावर एक पान-फुलाचा लोगो, मराठी नाव, आणि त्याच नावाचं रेडियम.

लोगो कागदावर काढा, फोटो घ्या, प्रोग्राममध्ये खाली ठेवा आणि त्यावरून पेन टूलने रेषा गिरवा. आपोआप ट्रेस करणारं बटण सगळीकडे शोधाल, पण पहिले काही महिने ते टाळा. ते एका पानासाठी शेकडो बिंदू टाकतं. हाताने गिरवलेल्या पानाला चार-सहा पुरतात. बिंदू जिथे वळण बदलतं तिथेच टाकायचा, आणि हँडल, म्हणजे बिंदूतून निघणारा दांडा, वळणाच्या दिशेने ओढायचं. बिंदू जितके कमी तितकी रेषा गोड येते, आणि कटरची सुरीही अडखळत नाही. बिंदू हलवण्यासाठी कोरलमध्ये एफ-टेन, इंकस्केपमध्ये एन, इलस्ट्रेटरमध्ये ए ही कळ. हात कुठे लवकर बसतो ते इथे कळतं, आणि ते तुमचं तुम्हालाच कळणार.

आता नाव लिहा आणि अक्षरांचे कर्व्ह करा. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी. कर्व्ह केल्यावर समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी चालतं, म्हणून प्रेसला फाइल अशीच जाते. कर्व्ह करण्याआधीची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा, नाहीतर उद्या फोन नंबर बदलायचा झाला तर सगळं पुन्हा टाइप करावं लागेल.

यानंतरची गोष्ट इंग्रजीत काम करणाऱ्यांना सहसा माहीत नसते, कारण त्यांच्या लिपीला शिरोरेषा नाही. देवनागरी अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांच्या थोडी आत घुसलेली असतात. नुसत्या भरलेल्या रंगात ते दिसत नाही. पण अक्षरांना कडेची रेषा दिली की प्रत्येक सांध्यावर उभी चीर उमटते. आणि रेडियमच्या कटरवर पाठवलं की सुरी प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा कापते, मग पट्टी उचलताना अक्षरं सुटी होतात. उपाय म्हणजे कर्व्ह केल्यावर सगळे तुकडे एकजीव करणं. कोरलमध्ये त्याला वेल्ड म्हणतात, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. इथे कोरलमधलं कंबाइन, म्हणजे कंट्रोल-एल, वापरू नका. कंबाइनमध्ये जिथे दोन आकार एकमेकांवर येतात तिथे भोक पडतं, आणि शिरोरेषेवर पांढरे चौकोन दिसू लागतात. वेल्ड झाल्यावर वायरफ्रेम किंवा आउटलाइन दृश्यात जाऊन पाहा. शिरोरेषा सलग एकच दिसली पाहिजे.

रेषा जाड करून काढलेली नक्षी असेल तर तिचाही आकार करून घ्या. कटर रेषेची जाडी ओळखत नाही, मधून एकच काप मारतो. कोरलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-क्यू, इंकस्केपमध्ये कंट्रोल-ऑल्ट-सी, इलस्ट्रेटरमध्ये आउटलाइन स्ट्रोक.

पायरी ५: रंग आणि ब्लीड

पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, प्रेस शाईने. झळझळीत पोपटी, निऑन निळा, लखलखता केशरी हे पडद्यावर दिसतात तसे चार शायांतून निघत नाहीत. म्हणून छपाईचं काम सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये करा. भगवा हवा असेल तर सायन आणि काळा शून्यावर ठेवून फक्त मॅजेंटा आणि पिवळ्यातून तो बनवा, पिवळा १०० आणि मॅजेंटा ६० ते ७० च्या आसपास. त्यात चुकून पाच-सात टक्के सायन आला तरी भगवा मळकट होतो.

बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, के १०० आणि बाकी शून्य. चारही शायांतून बनलेल्या काळ्यात कागद किंचित सरकला की अक्षरांच्या कडेला रंगीत सावली येते. फोन नंबर, पत्ता, जीएसटी क्रमांक असल्या मजकुरात ते फार वाईट दिसतं. आरजीबीतून आलेल्या फाइलमध्ये काळ्याचं नेमकं हेच होतं, म्हणून इंकस्केपवाल्यांनी स्क्रायबसमध्ये काळा आवर्जून तपासावा.

कार्डाच्या चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड वाढवा, आणि मजकूर कडेपासून तेवढाच, शक्य तर थोडा जास्त, आत ठेवा. कटिंग मशीनवर गठ्ठा कापताना अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. कार्डाला फोटो ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचात ३०० ठिपक्यांचा, लागतो. फ्लेक्सला खऱ्या मापात ७२ ते १०० पुरतो, कारण तो दुरून पाहायचा असतो. एकास दहा प्रमाणात काम करत असाल तर फाइलमध्ये हा आकडा दहापट हवा.

पायरी ६: पैशांचा हिशेब

क्रॅक केलेलं कोरल पेन ड्राइव्हवर देणारे भेटतील. नका घेऊ. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे: किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. त्यात क्रॅकबरोबर आलेला व्हायरस ग्राहकांच्या सगळ्या फाइली घेऊन जाऊ शकतो. मोफत आणि कायदेशीर पर्याय हाताशी असताना ही जोखीम कशासाठी?

माझा सल्ला असा. गावातल्या प्रेस-फ्लेक्सची कामं करायची असतील तर इंकस्केपवर हात बसवा आणि कामं येऊ लागली की कोरलचा परवाना घ्या. नोकरी किंवा एजन्सी डोळ्यांसमोर असेल तर इलस्ट्रेटर, पण सदस्यत्व घेताना वार्षिक करार महिन्याच्या हप्त्याने आहे की खरोखर महिन्यापुरतं आहे हे वाचा. वार्षिक करार मध्येच सोडला तर शुल्क लागू शकतं. ग्राहक इंग्रजी मजकुराचे आणि पैसे कमी असतील तर अफिनिटी. पहिल्या वर्षी दोन प्रोग्राम एकदम शिकू नका. एकात लोगो ते छपाई हा पूर्ण प्रवास करा, दुसरा मग थोड्या दिवसांत येतो.

पायरी ७: फाइल सोपवताना

प्रेसला एक फोल्डर द्या: कर्व्ह केलेली पीडीएफ, त्यांनी मागितली असेल ती सीडीआर त्यांच्या आवृत्तीत, आणि कसं दिसायला हवं ते दाखवणारी जेपीजी. ती जेपीजी फार कामाची असते. आवृत्तीच्या फरकाने काही सरकलं तर प्रेसमधल्या माणसाला लगेच दिसतं. स्वतःकडे कर्व्ह न केलेली मूळ फाइल आणि वापरलेल्या फॉन्टांची नावं ठेवा.

ग्राहकाला लोगो देताना रंगीत, एकरंगी काळा आणि उलटा म्हणजे गडद पार्श्वभूमीवरचा पांढरा, असे तीन प्रकार एसव्हीजी आणि पीडीएफमध्ये द्या. एकरंगी लोगो नसला की रबरी शिक्का करायच्या वेळी ग्राहक पुन्हा तुमच्याकडे येतो, आणि तेव्हा घाईत असतो. हक्क देणार असाल तर कागदावर द्या. प्रताधिकाराचं हस्तांतरण लेखीच लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांची, प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता धरला जातो. दोन ओळींत मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून दोघांनी सह्या कराव्यात, आणि ते पत्र बिलाच्या प्रतीबरोबर जपून ठेवावं.